साथ सुरू असताना कामगारांना परत बोलावणं: छोट्या कारखान्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींमधल्या वीस-पंचवीस ते दोन-तीनशे माणसांच्या कारखान्यांसाठी हे पान आहे. मोठ्या कंपनीत डॉक्टर असतो, सेफ्टी ऑफिसर असतो, वकील असतो. छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघणाराच एचआर बघतो आणि साथ आली की गेटवरचा गार्ड आरोग्य खातं सांभाळतो. इथली उत्तरं २०२० ते २०२२ या कोविडच्या काळावर बेतलेली आहेत. त्या वेळचे आदेश आज लागू नाहीत, पण ते कशासाठी निघाले आणि जमिनीवर कुठे अडले हे माहीत असलेलं बरं. पुढची साथ कळवून येणार नाही.

कारखाना उघडायची परवानगी नक्की कोणाची लागते?

आदेश वरून खाली येतात: केंद्राच्या मार्गदर्शक सूचना, त्यावर राज्याचा आदेश आणि त्यावर जिल्हाधिकारी किंवा पालिका आयुक्तांचा. आपल्यावर बंधनकारक असतो तो शेवटचा. टीव्हीवर ‘उद्योगांना परवानगी’ अशी पट्टी फिरली म्हणून दुसऱ्या दिवशी शटर वर करू नका, स्थानिक आदेशाची प्रत हातात घ्या. या सगळ्याच्या मागे दोन कायदे होते. एक १८९७ चा, मुंबईतल्या प्लेगच्या वेळी केलेला साथरोग अधिनियम आणि दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम.

राज्याने ३१ मे २०२० ला लॉकडाऊन टप्प्याटप्प्याने उठवण्याचा, ‘मिशन बिगिन अगेन’चा आदेश काढला आणि ८ जूनपासून खासगी कार्यालयं दहा टक्के हजेरीवर सुरू झाली. पण प्रतिबंधित क्षेत्राला, म्हणजे रुग्ण सापडले म्हणून बंद केलेल्या भागाला, ही सवलत नव्हती. घोळ झाला तो इथे. कारखाना एमआयडीसीत असल्यामुळे खुला, पण कामगाराची गल्ली पत्रे ठोकून बंद. अशा वेळी एचआरकडे पत्ता असतो आधार कार्डावरचा, म्हणजे बीडचा नाहीतर दरभंग्याचा, आणि माणूस राहत असतो मोशीला एका खोलीत. म्हणून बोलावण्याआधी प्रत्येकाचा आजचा राहता पत्ता, खोलीत आणखी किती जण आहेत ते आणि चालू असलेला फोन नंबर, एवढं लिहून घ्या. दोन दिवसांचं काम आहे आणि पुढची निम्मी धावपळ वाचते.

एखादा कामगार पॉझिटिव्ह निघाला तर मालकावर गुन्हा दाखल होतो का?

नुसतं पॉझिटिव्ह निघालं म्हणून नाही. एप्रिल २०२० मध्ये ही भीती इतकी पसरली होती की परवानगी असूनही अनेकांनी कारखाने उघडले नाहीत. शेवटी २३ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना पत्र लिहून खुलासा करावा लागला की रुग्ण सापडला म्हणून संचालकांवर कारवाई किंवा कारखाना तीन महिने सील, असा काही नियम नाही. कंपनीच्या अधिकाऱ्यावर जबाबदारी येते ती त्याच्या संमतीने, त्याला माहीत असताना किंवा त्याच्या हलगर्जीपणामुळे नियम मोडला गेला तर. त्यामुळे केलेल्या कामाची नोंद ठेवा: कोणत्या तारखेला काय सूचना दिली, कँटीनची वेळ कधी बदलली, मास्क किती वाटले. साधं रजिस्टर पुरतं.

सगळ्यांना एकदम बोलावू की टप्प्याटप्प्याने? आधी कोणाला?

टप्प्याटप्प्याने. आणि ‘आधी कोण’ हे कामावरून ठरवा, मर्जीवरून नको. कोणत्या मशिनीवर किमान किती माणसं लागतात याची यादी सुपरवायझरकडून घ्या. मग ज्यांना धोका जास्त आहे त्यांना शेवटच्या टप्प्यात ठेवा: वय झालेले, मधुमेह, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेले, गरोदर महिला. यात एक अडचण हमखास येते. शुगर आहे हे कामगार कंपनीत सांगत नाही, कारण पुढच्या कपातीत आपलंच नाव पहिलं येईल अशी त्याला धास्ती असते. माहिती हवी असेल तर आधी लेखी द्या की तिचा उपयोग कामावरून कमी करायला होणार नाही. तोंडी आश्वासनावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि ते बरोबरच आहे.

गेटवर तापमान बघतो आहोत. तेवढं पुरेसं नाही का?

नाही. कोविडचा माणूस लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला आजार देऊ शकत होता आणि कित्येकांना ताप आलाच नाही. ज्याला येतो तो पॅरासिटामॉल खाऊन निघतो. उलट मे महिन्याच्या उन्हात सायकल मारत आलेल्या माणसाचं कपाळ तापलेलं असतं. गार्ड त्याला पाच मिनिटं सावलीत बसवतो, पुन्हा तापमान मोजायची गन धरतो, आकडा उतरतो. पावसाळ्यात ओल्या हेल्मेटमधून निघालेलं कपाळ थंडगार, मग आकडा भलताच कमी. गार्ड तोही वहीत इमाने-इतबारे लिहितो. आम्ही पाहिलेल्या वह्यांमध्ये पानंच्या पानं एकच आकडा होता.

गन वापरू नका असं नाही, आदेशात ती होतीच. पण गेटवरचा खरा उपयोगी प्रश्न तोंडी आहे: ‘घरात, खोलीत कोणाला ताप-खोकला?’ आणि तो विचारायला गार्डपेक्षा रोजचा सुपरवायझर बरा.

मग लागण नक्की कुठे होते?

मशिनीवर सहसा कमी. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशिनीवर एक ऑपरेटर उभा असतो, पुढचा दहा फुटांवर, वर शेड उंच, बाजूला पंखे. धोका असतो काम थांबतं तिथे: कँटीन, चहाची सुट्टी, कपडे बदलायची खोली, पंचिंगची रांग, कंपनीची बस.

कँटीनचंच घ्या. पहिली पाळी सुटताना आणि दुसरी येताना वीस मिनिटं अशी असतात की दोन्ही पाळ्या एकाच दारात. एकाचा डबा उघडलेला, दुसरा बेसिनशी, सगळ्यांचे मास्क हनुवटीवर, कारण जेवताना मास्क काढावाच लागतो. चार तास जपलेलं अंतर तिथे संपतं. उपाय खर्चाचे नाहीत. दोन पाळ्यांमध्ये अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. एका लाइनची माणसं एकत्र जेवतील आणि दुसऱ्या लाइनशी मिसळणार नाहीत, अशा तुकड्या करा. टेबलं एकाच दिशेला लावा. शक्य असेल तर जेवण शेडबाहेर, पत्र्याखाली. चहा टपरीवर जाऊन पिण्याऐवजी जागेवर पोचवा. यावर कामगार कुरकुरतात, कारण चहाचं निमित्त असतं, दोन मिनिटं बाहेर पडायचं असतं. त्यांचंही खरं आहे. म्हणून सुट्टी काढून घेऊ नका, वेळा वेगळ्या करा.

तुकड्यांचा फायदा एक रुग्ण निघाला की कळतो. सरमिसळ नसेल तर आठ माणसं घरी बसतात, असेल तर ऐंशी.

बसमध्ये एका बाकावर एक आणि खिडक्या उघड्या. जून-जुलैत पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लागतात आणि पाऊण तास पंचवीस माणसं बंद डब्यात बसतात. पावसाळ्यात दोन इंच तरी काच उघडी राहील एवढं बघा आणि ज्याच्याकडे दुचाकी आहे त्याला पेट्रोलचे पैसे द्या. जादा बस लावण्यापेक्षा ते बहुतेकदा स्वस्त पडतं.

प्रेस शॉपमध्ये तोंडावर मास्क कोणी ठेवतच नाही. काय करावं?

आधी ते मास्क का काढतात ते उभं राहून बघा. पॉवर प्रेस चालू असताना बोललेलं ऐकू जात नाही. माणूस मास्क खाली ओढतो, दुसऱ्याच्या कानाशी जातो आणि ओरडून सांगतो. ओरडताना बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त थेंब बाहेर पडतात, म्हणजे जवळ जायचं, मास्क काढायचा आणि ओरडायचं, तिन्ही चुका एकाच वेळी. इथे दंड लावून काही होत नाही. हातवारे ठरवून घ्या, पाटीवर मार्करने लिहा, सूचना द्यायची असेल तर दोघांनी शेडबाहेर या.

भट्टीजवळ, फोर्जिंगमध्ये मास्क घामाने भिजतो आणि भिजलेल्या मास्कमधून श्वास घेववत नाही. पाळीत दोन-तीन मास्क द्या आणि तासा-दीड तासाने मोकळ्या हवेत दहा मिनिटं. फेसशील्ड मास्कऐवजी चालत नाही, बाजूने सगळं उघडं असतं.

आणखी एक, जे आदेशात ठळक नव्हतं. वेल्डिंग, गॅस कटिंगच्या जागी सॅनिटायझर ठेवू नका. त्यात अल्कोहोल असतं, ते पेट घेतं. तिथे साबण आणि नळ.

ऑफिसचा एसी चालवायचा की नाही?

केंद्राच्या सूचनांमध्ये तापमान २४ ते ३० अंश आणि आर्द्रता ४० ते ७० टक्के ठेवा आणि बाहेरची हवा जास्तीत जास्त आत घ्या, असं होतं. शेवटची अट महत्त्वाची. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, नवी आणत नाही. म्हणून एक खिडकी किलकिली आणि समोरच्या भिंतीत एग्झॉस्ट पंखा. कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर मिळतो, तो टेबलावर ठेवा. आकडा हजार पीपीएमच्या वर जात असेल तर खोलीत माणसं जास्त आहेत किंवा हवा कमी आहे. वीजबिल वाढेल, वाढू द्या.

सॅनिटायझर टनेल बसवावा का?

नको. माणसांवर जंतुनाशक फवारू नका असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० लाच सांगितलं होतं. हायपोक्लोराइटने डोळे आणि कातडी चुरचुरते, आणि शरीरात शिरलेला विषाणू तसाच राहतो. तरीही टनेल विकले गेले, कारण गेटवर काहीतरी केलंय असं दिसतं.

कामगार ताप लपवतात. त्यांना शिस्त कशी लावायची?

या पानावरचा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि त्याचं उत्तर मालकांना आवडत नाही. ताप लपतो तो बेशिस्तीमुळे नाही, खाड्यामुळे. रोजंदारीवरचा किंवा ठेकेदाराचा माणूस दहा दिवस घरी बसला तर दहा दिवसांचे पैसे जातात. शिवाय हजेरीचा बोनस जातो, आणि ठेकेदार त्याच्या जागी दुसरा उभा करतो तो वेगळाच. अशा माणसाने ‘मला कणकण वाटते’ असं आपणहून सांगावं ही अपेक्षा कागदावर ठीक आहे.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) आहे ना, असं म्हटलं जातं. आहे. त्यात आजारपणाचा लाभ साधारण पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण त्यासाठी योगदानाच्या सहा महिन्यांत ७८ दिवस भरलेले असावे लागतात आणि आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे सहसा काहीच मिळत नाही. २१ हजारांवर पगार असेल तर तो योजनेतच नाही. लॉकडाऊनमध्ये काम बंद राहिल्यामुळे ७८ दिवसांचा हिशेबही अनेकांचा बिघडला. आणि जो नवीन लागलाय, ज्याचा विमा क्रमांकच ठेकेदाराने अजून काढला नाही, त्याच्यासाठी हे सगळं लांबचं.

म्हणून कारखान्याने आपल्या पातळीवर करायच्या गोष्टी. लक्षणं सांगून घरी गेला किंवा संपर्कात आला म्हणून बसवला, तर ते दिवस पगारी. पहिले दोन दिवस तरी नक्कीच. साथीच्या काळात हजेरीचा बोनस कापायचा नाही. कंत्राटी कामगारांनाही हेच लागू आणि ते ठेकेदाराच्या बिलात वेगळी ओळ म्हणून दाखवायचं, म्हणजे पैसे मधे अडकत नाहीत. त्या वेळच्या ईएसआय कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे आजारपणाचा लाभ घेत असलेल्याला कामावरून काढता येत नव्हतं, हे सुपरवायझरलाही सांगून ठेवायला हवं होतं. बऱ्याच जणांना माहीत नव्हतं.

खर्च परवडेल का? पाच माणसांचा दहा दिवसांचा पगार एका बाजूला मांडा आणि एक लाइन आठवडाभर बंद राहिली तर ग्राहक कंपनी काय म्हणेल ते दुसऱ्या बाजूला.

रुग्ण सापडला. आता कारखाना बंद करायचा?

एक-दोन रुग्ण असतील तर केंद्राच्या सूचनांप्रमाणे संपूर्ण इमारत बंद करायची गरज नव्हती. आधीच्या ४८ तासांत तो जिथे वावरला ती जागा निर्जंतुक करून काम सुरू करता येत होतं. त्यासाठी एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट, पण इलेक्ट्रिक पॅनेलवर आणि मशिनीच्या स्क्रीनवर ते फवारू नका, फडक्याने पुसा.

मग संपर्क शोधा. एक मीटरच्या आत, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त, मास्कशिवाय कोण होतं? याचं उत्तर मस्टरमध्ये नसतं. तो कोणाबरोबर जेवतो, कोणाच्या गाडीवर मागे बसून येतो, हे लाइनवरच्या पोरांना विचारा. रुग्णालाच फोन केला तर तो आधी घाबरलेला असतो, ‘माझ्यामुळे सगळे अडकले’ म्हणून चार नावं गाळतो. संध्याकाळी पुन्हा फोन करा.

नाव जाहीर करू नका. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना ते कळलेलं असतं हे खरं, तरी नोटीस बोर्डावर लागणं वेगळं. गावाकडे कळलं तर घरच्यांना किराणा मिळणं बंद झाल्याच्या गोष्टी २०२० मध्ये झाल्या आहेत.

परत येताना निगेटिव्ह रिपोर्ट मागायचा का?

नाही. मे २०२० मधल्या धोरणानुसार सौम्य रुग्णाला लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसेल, तर पुन्हा चाचणी न करता सोडत होते. जानेवारी २०२२ मध्ये घरी विलगीकरणात असलेल्यांसाठी हा काळ सात दिवसांवर आला. आरटीपीसीआर चाचणीत मेलेल्या विषाणूचे तुकडेही सापडतात, त्यामुळे बरा झालेला माणूस कित्येक आठवडे पॉझिटिव्ह दिसू शकतो. तरीही अनेक कारखाने रिपोर्टवर अडून बसले. माणूस धडधाकट, घरात बसून, बिनपगारी, आणि लॅबमध्ये खऱ्या रुग्णांची रांग.

पहिल्या आठवड्यात मात्र त्याला जड कामावर लावू नका. जिना चढला तरी धाप लागते असं सांगणारे बरेच होते, त्याला कामचुकारपणा म्हणू नका.

घरी विलगीकरणात राहा म्हणतो, पण कामगाराला वेगळी खोलीच नाही.

औद्योगिक वसाहतींच्या आसपास दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात जण राहतात. खाटा तीन, पाळ्याही तीन: एक कामावर जातो, दुसरा त्याच खाटेवर येऊन झोपतो. आणि बरेचदा हे सगळे वेगवेगळ्या कंपन्यांत. म्हणजे तुमच्या कारखान्यात सगळं व्यवस्थित असूनही आजार शेजारच्या कंपनीतून खोलीमार्गे येतो. त्या वेळी पालिकेच्या कोविड केंद्रात नाव नोंदवून देता येत होतं. दुसरा पर्याय म्हणजे चार-पाच छोट्या कारखान्यांनी मिळून एक लॉज किंवा रिकामं मंगल कार्यालय भाड्याने घेणं. लग्नं बंद होती, कार्यालयं रिकामीच होती. जेवण, गरम पाणी, एक पल्स ऑक्सिमीटर आणि दिवसातून दोन फोन करणारा एक माणूस. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर वाट बघायची नाही, दवाखाना.

घरमालक खोलीत घेत नसेल तर एचआरने स्वतः फोन करावा. कंपनीचा माणूस बोलला की बऱ्याचदा सूर बदलतो. नाही बदलला तर स्थानिक नगरसेवक किंवा पोलीस चौकी.

कामगार घाबरून येत नाहीत. पगार द्यायचा का?

२९ मार्च २०२० च्या केंद्राच्या आदेशात लॉकडाऊनचा पूर्ण पगार द्या असं होतं, तो आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक आणि कामगारांनी आपसात बोलून तोडगा काढावा, गरज लागल्यास कामगार खात्याची मदत घ्यावी, असं सांगितलं. कायद्यापलीकडचं सांगायचं तर गावी गेलेला माणूस दोन गोष्टी विचारतो: परत आलो आणि पुन्हा बंद झालं तर खायचं काय आणि आजारी पडलो तर बघणार कोण? याची उत्तरं फोनवर ठाम मिळाली तर तो तिकीट काढतो. नोटिसा पाठवून आलेले फार कमी.

लस सक्तीची करता येते का?

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही जबरदस्तीने लस देता येत नाही असं स्पष्ट केलं. त्याआधीही सक्तीपेक्षा सोय जास्त चालली. एप्रिल २०२१ पासून शंभर पात्र व इच्छुक व्यक्ती असतील तिथे कामाच्या ठिकाणी लसीकरण करता येत होतं, छोट्यांनी असोसिएशनमार्फत एकत्र येऊन ते केलं. लशीनंतरचा दिवस पगारी ठेवा. ताप येतो आणि खाड्याच्या भीतीने माणूस दुसरा डोस टाळतो. मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस आणि चौदा दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली, त्यानंतर कोणाला समजवावं लागलं नाही.

ऑफिसचा स्टाफ घरून काम करतो, यावरून शॉप फ्लोअरवर नाराजी आहे.

असणारच. डिस्पॅच, क्वालिटी, प्लॅनिंगच्या साहेबांनी आठवड्यातून काही दिवस तरी शेडमध्ये उभं राहावं. आणि जे घरून काम करतात त्यांच्या कँटीन-बसच्या वाचलेल्या पैशांतून खालच्यांचे मास्क येऊ द्या.

गोळा केलेल्या आरोग्याच्या नोंदींचं पुढे काय करायचं?

मस्टर, पगार, ईएसआयचे कागद नेहमीच्या मुदतीप्रमाणे जपा. कोविडने मृत्यू झालेल्या विमाधारकांच्या वारसांसाठी ईएसआयची वेगळी योजना होती, सरासरी वेतनाच्या ९० टक्के. ती २४ मार्च २०२० पासून दोन वर्षांसाठी. तशा दाव्याची फाइल असेल तर तिला हात लावू नका. बाकी, कोणाला शुगर आहे, कोण पॉझिटिव्ह होता, कोणाच्या खोलीत किती जण राहतात, हे कागद एका कपाटात, किल्ली एकाकडे, आणि साथीचे आदेश उठले की फाडून टाकायचे. राज्यातले निर्बंध २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला उठले. अनेक गार्ड केबिनमध्ये त्यानंतरही त्या वह्या टेबलावर उघड्या पडलेल्या होत्या आणि कुरिअर घेऊन येणारा कोणीही त्या चाळू शकत होता. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेले रिपोर्टचे फोटोही काढायला सांगा, एचआरच्या फोनमधले सुद्धा.